पाचव्याची जागा

मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यातली निम्मी तरी 'या पाठातील प्रतीक स्पष्ट करा' असं फळ्यावर लिहिण्यात गेली. पोरं गाइडातलं उत्तर उतरवायची आणि मी न वाचता पाचापैकी तीन गुण द्यायचो. प्रतीक म्हणजे खरोखर काय, ते मला निवृत्तीनंतर कळलं, आणि तेही मुंजाजीमुळे. हा मुंजाजी माझ्याच वर्गात नववीत दोनदा नापास झालेला. त्यामुळे हे कबूल करताना जिवावर येतं, पण या वयात खोटं तरी कशाला बोलायचं?

मुंजाजी आमच्या राणीसावरगावचाच. अडीच एकर रान, एक म्हैस, आणि कंबर धरेपर्यंत दरसाल सहा महिने ऊसतोड. वर्षानुवर्षं मोळ्या वाहून त्याचा उजवा खांदा खाली उतरलाय. बोलतो कमी, आणि बोलला की भांडतोय असंच वाटतं. त्याच्या घरात विळा विळ्याच्या खुंटीला, दावं दाव्याच्या खुंटीला. कुणी हलवलं की घर डोक्यावर घेतो. त्याची बायको बायनाबाई म्हणते, "ह्येंला माणसापरीस जागेचीच फिकीर लय."

ती हे थट्टेत म्हणते. पण बाई उगाच काही बोलत नाही.

आमच्या भागात, गंगाखेडच्या खाली लातूरच्या हद्दीला लागून, मार्गशीर्षातल्या अवसेला येळवस असते. त्या दिवशी गाव ओस पडतं. सगळे आपापल्या रानात. कडब्याची कोप उभारायची, तिच्यात पाच दगड मांडायचे, त्यांना चुना फासून वर तांबडी काव ओढायची. हे पाच पांडव. मग भाज्या-कडधान्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे यांचा नैवेद्य, पिकात आंबील शिंपत एक फेरी, आणि पोटाला तडस लागेपर्यंत जेवण. लांबलांबच्या लोकांना आवतण जातं. तहसीलदारालाही जातं, वाटेनं चाललेल्या अनोळखी माणसालाही हात धरून बसवतात. आवतण नसतं ते फक्त घरच्यांना. घरच्याला कोण बोलावतं? ज्याला आवतण दिलं तो पाहुणा झाला, असा सरळ हिशेब.

निवृत्तीच्या वर्षी मुंजाजीनं मला आवतण दिलं. कोपीत वाकून शिरलो आणि हातातली पिशवी टेकवणार तोच तो ओरडला, "गुरुजी, तिथं नका ठिवू!"

मी दचकून पाहिलं. चार दगड ओळीनं मांडलेले, चुना-काव लावलेले. आणि चौथ्याच्या पलीकडं, पाचवा जिथं असायला हवा तिथं, ताटाएवढी जागा चुन्यानं सारवून पांढरीशुभ्र केलेली. तिच्यावर काही नव्हतं. नैवेद्याची पानं मात्र पाच होती.

"पाचवा कुठाय रे?" मी विचारलं.

"हाय," तो म्हणाला. "जिंतूरला."

जिंतूरला त्याचा धाकटा भाऊ गोपीचंद असतो. ही गोष्ट गावाला माहीत होती, मलाच नव्हती, कारण मी शिकवण्यात गर्क होतो.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे दोन माणसं, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. बहुतेक कोयते नवरा-बायकोचे. पण लग्नाआधी पाच हंगाम मुंजाजी आणि गोपीचंद या दोघा भावांचा एक कोयता होता. जुने लोक अजून सांगतात, असा कोयता टोळीत दुसरा नव्हता. मुंजाजीचा हात थांबायच्या आत गोपीचंदची मोळी बांधलेली असायची. एका ताटात जेवायचे, एका वाकळेत झोपायचे, आणि येळवशीला मुकादमाच्या शिव्या खाऊन दोन दिवस गावाकडं यायचेच. आई सारजाबाई कोपीत वाट बघत बसलेली असायची.

मग मुंजाजीचं लग्न झालं. दिवाळी सरली, टोळी न्यायला ट्रॅक्टर आला. मुंजाजी आणि बायनाबाई वर चढले. गोपीचंदही आपलं बोचकं घेऊन नेहमीसारखा आला. मुकादम म्हणाला, "तू कुठं? अर्धा कोयता आपुन घेत न्हाई." सगळी टोळी बघत होती. गोपीचंदनं मान वर करून भावाकडं पाहिलं. मुंजाजी काही बोलला नाही. पलीकडं तोंड करून बसला. ट्रॅक्टर गेला.

का बोलला नाहीस, असं मी त्याला एकदा विचारलं. म्हणाला, "मला वाटलं, बरं झालं, एक साल तरी पोराचा जीव वाचंल. मायजवळ ऱ्हाईल, रान बघंल. सांगू म्हणलं मागून." ते सांगायचं राहूनच गेलं. बायनाबाईच्या अंगावरची हळद नवी होती, तोडीचा फड दूर होता, आणि त्या साली मुकादमानं येळवशीला सोडलं नाही.

ती येळवस गोपीचंदनं भावाशिवायच केली. दुसऱ्या दिवशी पाचातला एक दगड पोत्यात घातला आणि निघून गेला. जिंतूरकडं सालगडी म्हणून राहिला, तिथंच लग्न झालं, सासऱ्याचं रान कसायला लागला. उन्हाळ्यात मुंजाजी परतला तेव्हा कोपीच्या जागी चार दगड होते. याला आता बावीस वर्षं झाली.

भांडण झालं असतं तर मिटलं असतं. यांचं भांडणच झालं नाही, त्यामुळे मिटवायला काही नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी सारजाबाई गेली. दोघं भाऊ एकाच ओसरीवर तेरा दिवस मुंडण केलेल्या डोक्यांनी शेजारी बसले. तेराव्यानंतर गोपीचंद निघाला, मुंजाजी फाट्यापर्यंत गेला, यष्टी आली, गोपीचंद चढला. दोघांपैकी कुणी तोंड उघडलं नाही. आमच्याकडची माणसं रानातल्या साळुंकीशीही तासभर बोलतील, पण सख्ख्या भावाशी दोन शब्द बोलायचे तर जीभ टाळूला चिकटते.

मुंजाजी येळवशीचं आवतण धाडत नव्हता, कारण धाडलं तर भाऊ पाहुणा ठरला. गोपीचंद आपण होऊन येत नव्हता, कारण एकदा बोचकं घेऊन आपण होऊन आलाच होता. दरसाल मुंजाजी चार दगड रंगवायचा, पाचवी जागा सारवायचा आणि दुपार कलेपर्यंत जेवायचा नाही. विचारलं की म्हणायचा, "भूक न्हाई."

दोन वर्षांपूर्वी, येळवस नुकतीच झाली होती आणि कोपी अजून उभ्या होत्या, तेव्हा अर्पिता आली. परभणीची मुलगी, पुण्याला सिनेमाचं शिक्षण घेतलेली. तिला दोन भावांचा सिनेमा काढायचा होता आणि तो आमच्याच भागात काढायचा होता. गावातला शिकलेला माणूस म्हणून तिला माझ्याकडं पाठवलं. मी तिला उत्साहानं रानोमाळ फिरवलं, आणि कुणी सांगितलं नसताना मुंजाजीच्या कोपीत नेलं. ती रिकामी जागा पाहिली आणि पोरगी मटकन खालीच बसली.

"सर, हे केवढं मोठं प्रतीक आहे!" ती म्हणाली.

मला तर चेवच चढला. एकत्र कुटुंब, तुटलेलं बंधुत्व, स्थलांतर, सगळं मी तिथं उभ्याउभ्या समजावून दिलं. मुंजाजी दारात विळ्याला धार लावत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुरुजी, प्रतीक मंजी काय ओ?"

"दाखवायचं एक, आणि त्यातून समजायचं दुसरं," मी म्हणालो.

"मंजी लबाडी."

"लबाडी नाही रे. आता ही जागा बघ. ही नुसती जागा नाही."

"निस्ती जागाच हाय," तो म्हणाला. "गोप्याची."

सिनेमाचा शेवट अर्पितानं तिथल्या तिथं ठरवला. धाकटा भाऊ परत येतो, बरोबर नेलेला दगड जागेवर ठेवतो, पाच पुरे होतात. मुंजाजीनं साफ नकार दिला. त्या जागेवर दुसरं काहीच ठेवायचं नाही. मी दोन दिवस डोकं फोडलं. कला, महाराष्ट्र, गावाचं नाव, सगळं सांगून झालं. तो म्हशीला चारा टाकत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आपण होऊन माझ्या दारात आला.

"ह्यो शिनेमा जिंतूरला दिसंल का?"

"मोबाइलवर येणार आहे. कुठंही दिसेल."

तो ओट्यावर बसला. पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला. मग म्हणाला, "मंग ठिवू द्या त्येंला दगुड. गोप्या बघंल. कोप आपली, रान आपलं. भाऊ येतोय, बसतोय, त्ये बघंल. आवतण बी न्हाई, अन् सांगणं बी झालं. व्हय का न्हाई?"

मी हो म्हणालो. बत्तीस वर्षांत प्रतीकाचा इतका नेमका उपयोग कुणी मला सांगितला नव्हता.

त्याची एकच अट होती, दगड खरा नको. अर्पिताच्या माणसांनी प्लास्टरचा पोकळ दगड बनवला, वरून रंग दिला. बाकीच्या चारांत ठेवला तर ओळखू येईना. चित्रीकरणाच्या दिवशी अख्खं गाव बांधावर. धाकट्या भावाचं काम करणारा पोरगा नांदेडकडचा, गोरापान, हाताला घट्टे नाहीत. तो वाकून कोपीत शिरायचा, गुडघ्यावर बसायचा, दगड ठेवायचा. अर्पिता म्हणायची, अजून एकदा. पुन्हा दगड उचलून बाहेर, पुन्हा आत. असा भाऊ नऊ वेळा आला. पहिल्या दोन वेळा मुंजाजी हसला. पाचव्या वेळी त्यानं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. नवव्या वेळी पाहिलं तर तो बांधावर नव्हता. ओढ्याकाठी पाठमोरा बसला होता. मी जवळ गेलो नाही, माझी छातीच झाली नाही.

काम संपल्यावर त्यानं प्लास्टरचा दगड उचलून घरी नेला. बायनाबाई म्हणाली, फेका की उकिरड्यावर. म्हणाला, "भावाचं सोंग घेतलंय त्येनं. उकिरड्यावर कसं फेकू?" आणि माळ्यावर ठेवून दिला.

पुढच्या दिवाळीनंतर सिनेमा आला. शाळेच्या मैदानावर पडदा लावून सगळ्या गावानं पाहिला. वर्तमानपत्रांत लिहून आलं. एकानं लिहिलं, पाचवा दगड म्हणजे लोपलेली कृषिसंस्कृती. दुसऱ्यानं लिहिलं, मातृत्व. मी कात्रणं कापून मुंजाजीला वाचून दाखवायचो. तो म्हणायचा, "जिंतूरचं काय लिहिलंय का?"

त्या येळवशीला बायनाबाईनं भज्जी वाढीव केली. मुंजाजीनं कोपीचं तोंड वाटेकडं केलं, कधी करत नाही ते. सकाळची गंगाखेडची गाडी आली, दुपारची आली. प्रत्येक गाडीला तो काहीतरी निमित्त काढून बांधावर जायचा. कधी शेळी हाकलायला, कधी कुणाचा तरी आवाज आला म्हणून. मी चारपर्यंत त्याच्यासाठी जेवायचा थांबलो. चारला बायनाबाई म्हणाली, "गुरुजी, तुमी जेवा. ह्येंचं काय खरं न्हाई." संध्याकाळी त्यानं पाचवं पान म्हशीला घातलं.

त्यानंतर तो सिनेमाचं नाव काढीनासा झाला. मीही कात्रणं वाचून दाखवणं बंद केलं. मला अपराध्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मी अपराधीच होतो.

या वर्षी येळवशीच्या आधी चार-पाच दिवस मला जिंतूरला एका लग्नाला जावं लागलं. अक्षता पडल्या आणि मी पंगत सोडून गोपीचंदचं घर विचारत निघालो. दारात कापसाचा ढीग, त्यापलीकडं तो. पाहिलं आणि ओळख पटली, उजवा खांदा खाली उतरलेला. पाया पडला, चहा सांगितला. गावचं विचारलं, पावसाचं, शाळेचं, म्हशीचंसुद्धा. भावाचं विचारलं नाही.

शेवटी मीच म्हणालो, "सिनेमा पाहिलास का रे?"

"बघितला," तो म्हणाला. "तेरा बार बघितला."

"मग?"

"मंग काय गुरुजी? दादानं पाचवा बशिवला. चांगलं केलं. किती दिस ठिवंल जागा खाली?" त्यानं कपातला चहा हलवला. "तवर वाटायचं, आपली जागा हाय. गेलो न्हाई तरी हाय. आता कुठं जायाचं?"

मी कपाळावर हात मारला. "अरे वेड्या, तो सिनेमा! दगड खोटा, आलेला भाऊ खोटा!"

"भाऊ खोटा, त्ये कळतंय की मला. पर बाजूचे चार तर आपलेच हायेत ना? वळखतो म्या त्येंला. दोन नंबरचा कडंला फुटलाय, त्यो मपल्याच हातून फुटला. चार खरे, मंग पाचवाच कसा खोटा? तुमी गुरुजी लोक, समजावून सांगताव, झालं." तो हसला, पण डोळे माझ्याकडं नव्हते.

त्याची बायको पंकजा दारात उभी होती. तीच म्हणाली, "ह्येंचा दगुड पोत्यात बांधून कणगीमागं ठिवलाय. हिकडं कुणी येळवस करीत न्हाई. सालातून एक बार काढतेत, धुतेत, परत ठिवतेत. कामून म्हणलं तर म्हणतेत, अमानत हाय."

"एकट्याला कसं पुजावं?" गोपीचंद म्हणाला. "पाचातला हाय त्यो."

'चल माझ्याबरोबर, येळवशीला ये' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मी म्हणालो असतो तर ते आवतण झालं असतं, तेही परक्याच्या तोंडचं. गिळले आणि निघालो.

गावी पोचलो तसा घरी न जाता मुंजाजीकडं गेलो आणि सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. तेरा बार म्हणालो तेव्हा त्याचे ओठ हलले. सगळं ऐकून झाल्यावर उठला, शिडी लावली, माळ्यावरून प्लास्टरचा दगड काढला आणि धोतराच्या फडक्यात बांधला. "उद्या पयली गाडी," म्हणाला. "तुमी बी चला. मला जिंतूरचं काय म्हाईत?"

गंगाखेड, परभणी, जिंतूर, तीन गाड्या बदलल्या. कंडक्टर म्हणाला, गाठोडं वर ठेवा. मुंजाजीनं मांडीवरून हलवलं नाही. बावीस वर्षांत तो त्या रस्त्याला पहिल्यांदा लागला होता, आणि सगळी वाट खिडकीबाहेर बघत होता.

गोपीचंद दारातच कापूस भरत होता. उभा राहिला. मुंजाजीनं रामराम केला नाही, बसला नाही, पाण्याला हात लावला नाही. फडकं सोडलं आणि तो दगड भावाच्या हातात दिला.

"धर. किती वजन हाय सांग."

गोपीचंदनं सवयीनं दोन्ही हात खाली घेऊन, पाय रोवून दगड घेतला, आणि त्याचे हात फट्कन वर आले. तो दगडाकडं बघत राहिला. बोटानं वाजवून पाहिला. पोकळ वाजला.

"काहीच न्हाई की दादा."

"मंग? ह्यानं जागा भरती व्हय?" मुंजाजी ओरडला. शेजारची माणसं बाहेर आली, इतका मोठ्यानं. मग त्याचा आवाज बसला. "त्या दिशी म्या टॅक्टरवरून खाली उतराया पायजे होतं. उतरलो न्हाई. मपलं चुकलं."

बावीस वर्षांत न निघालेलं वाक्य असं तीन दमांत निघालं. गोपीचंद दगड पोटाशी धरून उभा होता. नाक पुसलं, इकडंतिकडं पाहिलं, आणि विचारलं, "येळवस कवा हाय?"

"तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"म्हाईत हाय. तू सांग."

"शुक्कीरवारी," मुंजाजी म्हणाला. त्यापुढं 'ये' म्हणाला नाही. आम्ही उभ्याउभ्या परत फिरलो.

शुक्रवारी कोप उभी राहिली. चार दगड रंगले, पाचवी जागा सारवली. सकाळची गाडी गेली. दुपारची आली तसा मी बांधावर पळालो, या वयात. मुंजाजी उठला नाही. कोपीत चुन्याचं भांडं घेऊन पाठमोरा बसून राहिला.

फाट्यावरून एक माणूस येत होता. डाव्या हातात पिशवी, उतरत्या उजव्या खांद्यावर पोतं. पोत्याच्या वजनानं वाकलेला, दर दहा पावलांना थांबणारा. मागं पंकजा. बायनाबाईनं पदर तोंडाला लावला. गोपीचंद कुणाशी न बोलता कोपीत वाकून शिरला, पोतं सोडलं आणि दगड जागेवर ठेवला. मातीत तो जड बसल्याचा आवाज झाला.

पाहुणा आला की आमच्याकडं उठून उभं राहतात, पाय धुवायला पाणी देतात, या बसा म्हणतात. मुंजाजी उठला नाही. चुन्यात बुडवलेला हात त्यानं त्या दगडावर ठेवला आणि वर न बघता, रोज घरात खेकसतो तसाच खेकसला,

"कुठं होतास इतका येळ? भज्जी गार झाली."